कष्टांची मोजदाद

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात उर्से हे गाव आहे. मावळ म्हणजे भाताचा मुलूख. आषाढात पाऊस स्थिरावला की येथील खाचरे पाण्याने भरून जातात आणि शेतकऱ्याच्या घरात कोणालाही उसंत राहत नाही. पुरुष औताने किंवा यंत्राने चिखलणी करतात. त्यांच्यामागून स्त्रिया भर पावसात, ओणव्याने, रोपांची लावणी करीत जातात. चिखलणीवाचून लावणी होत नाही आणि लावणीवाचून चिखलणी व्यर्थ ठरते. दोघांचेही हात राबले, तरच घरात दाणा येतो.

या शेतांच्या शेजारी आता दुसरे जग उभे राहिले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याचा टोलनाका उर्से येथे आहे. या परिसरात कारखानेही आले आहेत. शेतात स्त्रीपुरुष बरोबरीने राबतात; परंतु देशातील कारखान्यांत मात्र पुरुषांच्या मानाने स्त्रिया थोड्याच आढळतात. असे का व्हावे? स्त्रियांच्या अंगी चिकाटी नाही म्हणून? दिवसभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या स्त्रीविषयी असे कोण म्हणेल?

याची कारणे निराळी आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार स्त्रियांना सायंकाळी ७ पासून सकाळी ६ पर्यंत कारखान्यात काम करण्यास सामान्यतः मनाई होती. हेतू संरक्षणाचा होता. पण त्यामुळे रात्रपाळीची कामे पुरुषांकडेच राहिली. पुढे हे निर्बंध सैल झाले.

दुसरे कारण घरातच आहे. २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी झाली. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट यांसारखी घरकामे शंभरांपैकी सुमारे ८१ स्त्रिया करीत होत्या. पुरुष मात्र सुमारे २६ च. ही कामे करणाऱ्या स्त्रीचे त्यांत दररोज सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास जात. पुरुषाची ९७ मिनिटे जात. पाच तास घरात राबून मग दूरच्या कारखान्याची पाळी गाठणे सोपे नव्हे!

या घरकामाची गणतीही होत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील शंभर पुरुषांपैकी सुमारे ५६, तर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ३१ ‘काम करणाऱ्या’ ठरल्या. घरच्या शेतातील राबणे जनगणना कामात धरते. परंतु चूल आणि केरवारा धरीत नाही. म्हणून पहाटेपासून रात्रीपर्यंत खपणाऱ्या स्त्रीविषयीही ‘ती घरीच असते’, असे लोक सहज म्हणून जातात.

१९७६ मध्ये समान कामासाठी समान वेतनाचा कायदा झाला. कायदा मजुरी समान करू शकतो. घरातील कामाची वाटणी मात्र घरातील माणसांनीच करावयाची असते. ज्या घरात भाऊ आपण होऊन पाण्याची कळशी उचलतो, त्या घरात बहिणीला पुस्तक उघडण्यास वेळ मिळतो.