दिव्याची किंमत आणि दिव्याचे आयुष्य

वस्तूची खरी किंमत केवळ दुकानात मोजलेल्या रुपयांवरून नव्हे, तर ती किती काळ टिकते आणि वापरताना किती खर्च करायला लावते यावरून ठरते, हे विजेच्या दिव्याच्या इतिहासातून स्पष्ट होते. १९२४ मध्ये प्रमुख दिवे-उत्पादकांनी जिनिव्हा येथे ‘फीबस’ नावाचे कार्टेल, म्हणजे आपसांतील स्पर्धा टाळण्यासाठी केलेली युती, स्थापन केले आणि तारेच्या दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणून, त्याहून जास्त टिकणारे दिवे बनवणाऱ्या सभासदांना दंडही ठोठावला.

फीबसने दिव्याचे आयुष्य घटवले, तर भारतात एलईडी दिव्यांची किंमत घटली. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत सुमारे ३१० रुपयांना पडणारा दिवा, २०१५ च्या ‘उजाला’ या सरकारी एलईडी-वाटप योजनेतील घाऊक मागणीमुळे, २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. रोज पाच तास लावलेला ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब महिन्याला ९ युनिट वीज घेतो, तर तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा जेमतेम १.३५ युनिट.

स्वस्ताईची दुसरी बाजू मात्र दिव्याच्या आत दडलेली असते. प्रकाश देणारा डायोड दीर्घकाळ टिकतो. परंतु त्याला योग्य वीज पुरवणारा ‘ड्रायव्हर’ हलक्या प्रतीचा असल्यास त्यातील कपॅसिटर उष्णतेने लवकर निकामी होतो आणि दिवा लुकलुकू लागतो. म्हणून ग्राहकाने किमतीबरोबरच वॉरंटी, बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि प्रतिवॅट ल्यूमेन, म्हणजे एका वॅटमागे मिळणारा उजेड, पारखून घेणे श्रेयस्कर ठरते.