प्रवासी चित्रकार आणि रंगीत शिळाछापे

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातील देवदेवतांची रंगीत चित्रे जुन्या घरांतून आजही आढळतात. ती ज्या रंगीत शिळामुद्रणाने घरोघरी पोहोचली, त्याच तंत्राने त्यापूर्वी काही दशके हिंदुस्थानातील दृश्ये युरोपातील वाचकांपर्यंत नेली होती. विल्यम सिम्प्सन या स्कॉटिश चित्रकाराचा ग्रंथ हे त्याचे उद्बोधक उदाहरण होय.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या तत्त्वावर शिळामुद्रण आधारलेले आहे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर स्निग्ध खडूने चित्र रेखाटून ते रासायनिक प्रक्रियेने पक्के करतात. दगड ओला केला की तेलकट शाई केवळ रेखाटनावरच बसते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा निराळा दगड लागतो. एकच कागद क्रमाने या सर्व दगडांवर दाबला जातो. एखादा ठसा किंचित सरकला, तरी चित्र बिघडते.

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटनमध्ये हिंदुस्थानविषयी कुतूहल वाढले होते. लंडनच्या ‘डे अँड सन’ या मुद्रणसंस्थेने सचित्र ग्रंथासाठी सिम्प्सन यांना इकडे पाठविले. १८५९ ते १८६२ या काळात त्यांनी प्रवास करून स्थळावर रेखाटने केली आणि मायदेशी परतल्यावर त्यांवरून जलरंगचित्रे सिद्ध केली. योजना २५० चित्रांची होती. परंतु संस्था आर्थिक संकटात सापडली. १८६७ मध्ये ग्रंथ निघाला, तो अवघ्या ५० चित्रांचा. मूळ जलरंगचित्रे संस्थेची मालमत्ता म्हणून विकली गेली. कित्येक वर्षांचे श्रम असे विखुरले.

असे चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे. स्थळावरील रेखाटन, त्यावरून केलेले जलरंगचित्र आणि छापखान्यातील कारागिरांनी केलेली रंगांची फोड, अशा तीन टप्प्यांतून ते आलेले असते. वास्तूंची ठेवण व वेशभूषा यांच्या अभ्यासास ते उपयुक्त आहे. मात्र रंगछटांबाबत त्याची साक्ष इतर साधनांशी पडताळून घ्यावी.

वाचकांच्या संग्रही अशी चित्रे असल्यास ती भिंगातून पाहावीत. ठिपक्यांची नियमित जाळी दिसल्यास ती नंतरची यांत्रिक छपाई समजावी. खडूचे अनियमित कण व एकावर एक चढलेले रंग दिसल्यास ते मूळ शिळाछाप असण्याचा संभव अधिक. अशी चित्रे उन्हात टांगू नयेत, तसेच चौकटीसाठी ग्रंथातील पाने सुटी करू नयेत. सिम्प्सन यांची मूळ चित्रे विखुरली; उरलेल्या ग्रंथांच्या वाट्याला तरी ते येऊ नये.