मेमरी वाढली की चिपचं घराणं का बदलतं?

एटीमेगा८८ आणि एटीमेगा१६८ या दोन चिप शेजारी ठेवा. दोन्हींना २८ पाय, रॅम दोन्हींत १ केबी, डेटाशीटही एकच. फरक फ्लॅश मेमरीचा: एकीत ८ केबी, दुसरीत १६. तरी जीसीसी कंपायलर पहिलीला 'एव्हीआर४' गटात टाकतो आणि दुसरीला 'एव्हीआर५'मध्ये. असं का?

कारण उडीत आहे. प्रोग्रॅम चालताना सतत इकडून तिकडे उड्या मारतो. 'आरजेएमपी' ही छोटी उडी २ बाइटची. तिची पोच मागे-पुढे साधारण ४ केबी. ८ केबीच्या चिपमध्ये शेवट ओलांडला की पत्ता पुन्हा शून्यावर येतो, त्यामुळे एवढी पोच सगळीकडे पुरते. १६ केबीत पुरत नाही. तिथे ४ बाइटची 'जेएमपी' लागते, आणि एटीमेगा८८ला ती सूचना कळतच नाही!

खरी गंमत (की डोकेदुखी?) इंटरप्टच्या तक्त्यात आहे. दोन्ही चिपमध्ये नोंदी २६च, पण एकीत हा तक्ता ५२ बाइटचा, दुसरीत १०४ बाइटचा. समजा तुम्ही ८८साठी कंपाइल केलेली फाइल १६८मध्ये भरली. चिपची सही तपासणारं सॉफ्टवेअर सहसा अडवतं, पण ती तपासणी जबरदस्तीने टाळता येते. मग साधा एलईडी मजेत लुकलुकतो, कारण रिसेटची नोंद दोन्हीकडे शून्यावरच असते. टायमर इंटरप्ट जोडला की मात्र चिप भलत्याच नोंदीवर जाते, आणि आपण वायरिंग तपासत बसतो.

पुढेही हेच. आर्डुइनो उनोतली ३२ केबीची एटीमेगा३२८पी 'एव्हीआर५'मध्येच बसते. १२८ केबीच्या चिप 'एव्हीआर५१'मध्ये जातात, कारण १६ बिटांच्या पत्त्याने फ्लॅशमधला डेटा ६४ केबीपर्यंतच वाचता येतो. त्यापुढे जादा रजिस्टर लागतं. आर्डुइनो मेगातली २५६ केबीची एटीमेगा२५६० 'एव्हीआर६'. तिथे फंक्शनमधून परतायचा पत्ताच २ऐवजी ३ बाइटचा होतो, म्हणजे प्रत्येक कॉलला स्टॅकवर एक बाइट जास्त.

घराणं फक्त मेमरीवर ठरत नाही, एक्समेगाचे गट वेगळेच आहेत. म्हणून कंपाइल करताना गटाचं नाव देऊ नका, चिपवर छापलेलं पूर्ण नाव द्या. गट कंपायलर स्वतः शोधतो.