जुन्या स्पोर्ट्स कारचे ‘मिसिंग’: दोष नेमका कोठे आणि तो शोधावा कसा?

पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीनंतर गाडी थरथरू लागते, पिकअप जातो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात. एखाद्या सिलिंडरमध्ये इंधनाचे ज्वलन झालेच नाही किंवा अर्धवट झाले, एवढाच याचा अर्थ. मात्र जुनी स्पोर्ट्स कार खरेदी करू पाहणाऱ्यास हा दोष काही हजारांत मिटणारा आहे की इंजिन उघडावयास लावणारा, हे सौदा होण्यापूर्वीच समजणे आवश्यक ठरते.

उदाहरणादाखल पोर्शे कंपनीची बॉक्स्टर घेऊ. या गाडीची पहिली पिढी १९९६ ते २००४ आणि दुसरी २००४ ते २०१२ या काळात तयार झाली. इंजिन आसनांच्या मागे, मागील चाकांच्या पुढे बसविलेले असते. त्याचे सहा सिलिंडर समोरासमोर, तीन-तीन असे आडवे असतात. प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र इग्निशन कॉइल थेट बसते. ही कॉइल इंजिनाच्या बाजूस, बरीच खाली आणि धुराड्याच्या नळ्यांजवळ असल्याने तिला दोन्हीकडून त्रास होतो. खालून उष्णता लागते व चाकांनी उडविलेले पाणी बाजूने येते. कालांतराने कॉइलच्या प्लॅस्टिकच्या आवरणास बारीक तडे जातात. कोरड्या हवेत ते निरुपद्रवी वाटतात, पण ओलावा शिरताच उच्च दाबाची वीज प्लगपर्यंत न पोहोचता वाटेतच इंजिनाच्या धातूकडे वळते. मुंबईचा किंवा कोकणातील पावसाळा या गाडीची खरी परीक्षा पाहतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

शोधाची सुरुवात स्कॅनरने करावी. संगणक क्रँकशाफ्टच्या फिरण्याच्या वेगातील अतिसूक्ष्म चढउतार मोजतो आणि ज्या सिलिंडरच्या पाळीस वेग मंदावला त्याची नोंद करतो. पी०३०१ ते पी०३०६ हे संकेतांक अनुक्रमे एक ते सहा क्रमांकांच्या सिलिंडरचे होत. पी०३०० म्हणजे दोष एकाच सिलिंडरपुरता नाही. दिवा सतत लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, त्यातील जाळी वितळू शकते आणि कॉइलचा किरकोळ खर्च अनेक पटींनी वाढतो.

येथे विक्रेत्याची एक जुनी युक्ती सांगणे भाग आहे. ग्राहक येण्यापूर्वी संकेतांक पुसून टाकले की दिवा विझतो. परंतु त्याबरोबर संगणकाच्या स्वयंचाचण्यांची स्थितीही कोरी होते आणि त्या पूर्ण होण्यास काही दिवसांचे चालणे लागते. म्हणून स्कॅनरवर केवळ ‘दोष नाही’ हे पाहून समाधान मानू नये. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व ऑक्सिजन सेन्सरच्या चाचण्या अपूर्ण दिसत असतील तर नुकतेच काहीतरी पुसले गेले आहे, असा संशय घ्यावा. बॅटरी काढली तरी असेच होऊ शकते, तेव्हा विक्रेत्यास कारण अवश्य विचारावे.

संकेतांक एकाच सिलिंडरचा असेल तर सर्वांत स्वस्त चाचणी अदलाबदलीची. तीन क्रमांकाची कॉइल पाचवर व पाचची तीनवर बसवावी. दोष पी०३०३ वरून पी०३०५ वर गेला तर कॉइल खराब. तो जागचा हलला नाही, तर प्लगचीही तशीच अदलाबदल करावी. बॉक्स्टरमध्ये यासाठी मागील चाके काढावी लागतात, त्यामुळे पुष्कळदा मेकॅनिक तपास न करता सहाही कॉइल बदलावयास सांगतात. जुन्या कॉइल एकाच वयाच्या असल्याने तो सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण दोष सापडला असे त्यावरून सिद्ध होत नाही.

प्लग काढलाच आहे तर तो निरखून पाहावा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते; पांढरेफटक टोक म्हणजे मिश्रण पातळ. प्लगच्या बाहेरील भागास तेल लागलेले असेल तर प्लगच्या नळीची रबरी सील गळत आहे. या इंजिनात ही तक्रार वारंवार आढळते आणि तिचा खर्च फार नसतो.

अनेक सिलिंडर एकाच वेळी मिसिंग करीत असतील तर लक्ष हवा आणि इंधनाकडे वळवावे. संगणक मिश्रण सुधारण्यासाठी किती जादा पेट्रोल देत आहे, हे स्कॅनरवर दिसते. ही दुरुस्ती गाडी जागेवर चालू असताना जास्त आणि २,५०० फेऱ्यांवर कमी होत असेल तर हवेची गळती असावी. भार वाढताच ती वाढत असेल तर हवा मोजणारा सेन्सर, पेट्रोल पंप किंवा फिल्टर तपासावा. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलमुळे मिश्रण किंचित पातळ होते आणि ते पाणीही शोषते. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत प्रथम टाकीतील जुने पेट्रोल काढणे, हेच शहाणपणाचे.

एवढे करूनही एकच सिलिंडर अडत असेल तर इंजेक्टर तपासून कॉम्प्रेशन मोजावे. सहा आकड्यांमधील तफावत येथे महत्त्वाची. एखादा सिलिंडर इतरांहून १५ टक्क्यांनी मागे असेल तर तो चिंतेचा विषय. सिलिंडरमध्ये थोडे तेल ओतून पुन्हा मोजण्याची आपल्याकडील पद्धत मात्र आडव्या इंजिनात फसवी ठरते, कारण तेल एकाच बाजूस साचते व रिंगभोवती पसरत नाही. त्याऐवजी दाबाची हवा आत सोडून ती कोठून सुटते ते ऐकावे. धुराड्यातून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंग किंवा सिलिंडरची भिंत. दुसऱ्या शक्यतेत लहान कॅमेरा आत घालून भिंतीवरील ओरखडे पाहिल्याशिवाय किमतीची बोलणी करू नयेत.