तारखांची वजाबाकी

पीककर्ज मुदतीत फेडले तर शेतकऱ्याला व्याजात सवलत मिळते. मुदत टळली की सवलत जाते. म्हणून वऱ्हाडातल्या एखाद्या बँकेतील संगणकाला दोन कामे अचूक करावी लागतात : नोंद शोधणे आणि दिवस मोजणे.

समजा, एक लाख खाती आहेत. एकेक नोंद तपासत गेल्यास पाळी लाखापर्यंत जाईल. पण खाती क्रमवार लावली असतील, तर मधली नोंद पाहावी. हवा असलेला क्रमांक तिच्याहून लहान असेल, तर पुढचा अर्धा भाग सोडून द्यावा. उरलेल्या भागाचे पुन्हा तसेच करावे. अशा रीतीने जास्तीत जास्त 17 तपासण्यांत नोंद सापडते!

आता तारखा क्रमवार लावू. अकोल्याचे कृषी विद्यापीठ 20-10-1969 रोजी, तर अमरावतीचे विद्यापीठ 01-05-1983 रोजी स्थापन झाले. या तारखा नुसती अक्षरे म्हणून लावल्या, तर 0 हा 2 च्या आधी येतो आणि अमरावतीचे विद्यापीठ जुने ठरते! यावर उपाय म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिणे : 19691020 आणि 19830501. आता क्रम बरोबर लागतो.

पण यांची वजाबाकी करून पाहा. उत्तर येते 139481. हे दिवस नव्हेत, कारण महिना काही शंभर दिवसांचा नसतो. म्हणून संगणक एखादा ठरावीक दिवस आरंभ मानून प्रत्येक तारखेला अनुक्रमांक देतो आणि अनुक्रमांकांची वजाबाकी करतो.

आपण हातानेच मोजू. 20 ऑक्टोबर 1982 पर्यंत 13 वर्षे, म्हणजे 4745 दिवस. 1972, 1976 व 1980 या लीप वर्षांचे 3. त्यापुढे 1 मे पर्यंत 193. एकूण 4941. ताळा असा : 7 ने भागल्यास बाकी 6 उरते. पहिला दिवस सोमवार होता. त्यापुढे सहावा वार रविवार. 1 मे 1983 रोजी रविवारच होता!

मात्र पहिला व शेवटचा असे दोन्ही दिवस धरले, तर 4942 होतात. कोणता नियम पाळायचा, हे संगणक ठरवीत नाही. आज्ञावली लिहिणारा माणूस ठरवितो. त्याची एका दिवसाची चूक शेतकऱ्याची सवलत घालवू शकते.

आता तुमच्या जन्मापासून आजपर्यंतचे दिवस मोजा आणि वाराने ताळा करून पाहा. लीप वर्षे मात्र विसरू नका!