कॅरिबियन समुद्राचा कोणता किनारा निवडावा?

आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें आज अमेरिकेंत वा कॅनडांत स्थायिक झालेलीं आहेत. थंडीच्या दिवसांत तीं आईबापांना बोलावून घेतात आणि आठवडाभर कॅरिबियन समुद्रावर जाण्याचा बेत करतात. जाहिरातींतील चित्रें सगळीं सारखींच : निळें पाणी, पांढरी वाळू आणि वांकलेलें नारळाचें झाड. परंतु कोणत्या बेटाच्या कोणत्या बाजूस उतरावें हें चित्रावरून कळत नाहीं. निवड चुकली तर नातवंडांना पाण्यांत पाऊल टाकतां येत नाहीं. प्रसंगीं जिवावरही बेततें.

१९७१ सालीं अजित वाडेकरांच्या संघानें वेस्ट इंडीजमध्यें कसोटी मालिका जिंकली, तेव्हांपासून पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाउन, किंग्स्टन हीं नांवें आपल्या घरोघर परिचित आहेत. परंतु क्रिकेटचें मैदान निराळें आणि स्नानाचा किनारा निराळा. किनारा निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट वारा. ह्या समुद्रावर वर्षाचा बहुतेक काळ ईशान्येकडून व पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. त्यामुळें बेटाची पूर्व बाजू वाऱ्याच्या तोंडीं येते, तर पश्चिम बाजू आडोशाला राहते. बार्बाडोस बेट रुंदीला अवघें सुमारें २३ किलोमीटर आहे. पण पूर्वेस बाथशेबा येथें अटलांटिकच्या लाटा खडकांवर आदळतात, आणि पश्चिमेस होलटाउनजवळ पाणी बहुधा तळ्यासारखें संथ असतें. डोमिनिकन प्रजासत्ताकांतही असाच भेद आहे. उत्तरेकडील काबारेते हें वाऱ्यावर खेळणाऱ्या तरुणांचें गांव. दक्षिणेकडील बायाइबे म्हातारेकोतारे व बालकें यांना सोयीचें. पूर्व टोकावरील पुंता काना येथें मोठमोठीं हॉटेलें आहेत. तेथें प्रवाळाची रांग कांहीं ठिकाणीं लाटा अडविते, परंतु सर्वत्र नाहीं.

पाऊसही वाऱ्याच्याच मागें जातो. जमैकांतील ब्लू माउंटन हा डोंगर २,२५६ मीटर उंच आहे. ईशान्येकडील पोर्ट अँटोनियो भिजत असतें, आणि डोंगरापलीकडील किंग्स्टन कोरडें राहतें. सह्याद्री ओलांडून देशावर उतरणाऱ्यास ह्याचें नवल वाटणार नाहीं.

दुसरी गोष्ट महिना. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तेथील चक्रीवादळांचा काळ असून ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने सर्वांत धोक्याचे. जुलै २०२४ मध्यें बेरिल वादळानें ग्रेनाडाजवळील कारियाकू बेट उद्ध्वस्त केलें, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें मेलिसा वादळ जमैकाच्या पश्चिम भागावर कोसळलें. ह्या महिन्यांत जाणेंच असेल तर व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळील अरुबा, बोनेअर व कुरासाव हीं बेटें बरीं. तीं वादळांच्या नेहमींच्या मार्गाच्या दक्षिणेस आहेत. मात्र तेथें हिरवी वनराई नव्हे, निवडुंग दिसेल. डिसेंबर ते एप्रिल हा काळ कोरडा व आल्हाददायक. अर्थात् त्याच वेळीं हॉटेलांचे दरही चढलेले असतात.

तिसरी गोष्ट शेवाळ. सारगासम नांवाचें तपकिरी समुद्रशेवाळ २०११ पासून बहुतेक वर्षीं वसंतांत व उन्हाळ्यांत अटलांटिकमधून मोठ्या प्रमाणावर वाहत येतें. तें किनाऱ्यावर कुजलें म्हणजे नासक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते, आणि दम्याच्या रोग्यांस तिचा विशेष त्रास होतो. पूर्वाभिमुख किनाऱ्यांना, म्हणजे पुंता काना किंवा मेक्सिकोंतील तुलुम यांना, ह्याचा उपद्रव अधिक. पश्चिमाभिमुख किनारे पुष्कळदां सुटतात.

तात्पर्य, वृद्ध व बालकें बरोबर असतील तर हिंवाळ्यांत बार्बाडोसची पश्चिम बाजू किंवा बायाइबे. सप्टेंबरांतच सुटी मिळाली तर अरुबाचा पश्चिम किनारा. आणि केवळ तरुण मंडळी असली तर काबारेते. मात्र संथ किनाऱ्यावरही लाल निशाण दिसलें तर पाण्यांत उतरूं नये. आणि मुलांनीं चित्रें पाठविलीं म्हणजे तीं क्षणभर बाजूला ठेवून आधीं नकाशा उघडावा, त्यावर पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याचा एक बाण काढावा, आणि आपली खोली बाणाच्या टोकाशीं येते कीं आडोशाला, एवढें पैसे भरण्यापूर्वीं पाहून घ्यावें.