रुग्णालयात संगणक येतो तेव्हा

(द्वितीय वर्ष, कला)

माझी आई जिल्ह्याच्या गावी एका खाजगी रुग्णालयात मावशी म्हणून काम करते. तिला अक्षरओळख नाही. तरीही पंधरा वर्षे ती वॉर्डातल्या चिठ्ठ्या आणि रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवीत आली. साध्या तपासणीची चिठ्ठी पांढरी आणि तातडीची गुलाबी, एवढी खूण तिला पुरत असे. दोन वर्षांपूर्वी तेथे संगणक आले आणि चिठ्ठ्या बंद झाल्या. नमुने मात्र अजून आईच नेते. आता सगळ्या नळ्यांवर एकसारखी पांढरी पट्टी असते आणि ‘तातडीचे’ हा शब्द तीवर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेला असतो. एका रात्री तातडीची नळी इतर नळ्यांत तासभर पडून राहिली. रुग्ण सुदैवाने बचावला. बोलणी आईने खाल्ली. घरी आल्यावर ती मला म्हणाली, “तेवढ्या पट्टीला गुलाबी रंग देता आला नसता का रे?”

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडेच येतात. म्हणून मोठी रुग्णालये असे निर्णय कसे घेतात, हे मी वाचून पाहिले. जे समजले ते येथे मांडतो.

साधारणपणे निर्णय एका समितीत होतो. रुग्णालयाचे प्रमुख, हिशेब पाहणारे अधिकारी, संगणक विभागाचे प्रमुख आणि एक-दोन ज्येष्ठ डॉक्टर तीत असतात. कंपनीचे लोक येऊन प्रात्यक्षिक दाखवतात. मग किंमत, दरवर्षीचा देखभालीचा खर्च, जुन्या नोंदी नव्या यंत्रात कशा न्यायच्या, यंत्र बंद पडले तर काम कसे चालवायचे, यांवर चर्चा होते. कधी सरकारी धोरणही पारडे झुकवते. अमेरिकेत 2009 साली झालेल्या कायद्याने संगणकीय नोंदी नीट वापरणाऱ्या रुग्णालयांना अनुदान देऊ केले; तेव्हा तेथील अनेक रुग्णालयांनी ही खरेदी केली.

हे सारे प्रश्न योग्यच आहेत. पण त्यांत एक प्रश्न अनेकदा राहून जातो. यंत्राचा लाभ एकाला आणि वाढलेले काम दुसऱ्याला, असे तर होत नाही ना? बिले चोख निघाली की कार्यालय खूश होते. परंतु प्रत्येक औषधाची नोंद करण्यात जाणारा वेळ डॉक्टरांचा आणि सिस्टरांचा असतो.

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय या नामांकित रुग्णालयाला हा अनुभव आला. डॉक्टरांनी औषधांचे आदेश संगणकावरच द्यावेत, अशी प्रणाली तेथे 2002 च्या अखेरीस सुरू झाली. ती उभारण्यासाठी सुमारे 3 कोटी 40 लाख डॉलर खर्च झाले होते. काम फार रेंगाळते, अशी तक्रार करीत शेकडो डॉक्टर विरोधात उभे राहिले आणि जानेवारी 2003 मध्ये ती थांबवावी लागली.

पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयाची गोष्ट अधिक गंभीर आहे. ऑक्टोबर 2002 मध्ये अशीच प्रणाली तेथे अवघ्या सहा दिवसांत सर्वत्र लागू झाली. पूर्वी अत्यवस्थ मूल वाटेत असतानाच डॉक्टर औषधे सांगून ठेवीत. आता मूल येऊन त्याचे नाव नोंदले जाईपर्यंत आदेशच देता येईनात. वॉर्डात हाताशी असणारी औषधेही मध्यवर्ती औषध विभागात गेली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, दुसऱ्या रुग्णालयांतून तेथे आणलेल्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण 2.80 टक्क्यांवरून 6.57 टक्क्यांवर गेले. केवळ संगणकामुळेच हे घडले, असे त्या अभ्यासावरून सिद्ध होत नाही. पण विचार करायला लावणारी ही गोष्ट खरी.

आता तिसरे उदाहरण पाहा. सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने त्याच कंपनीची प्रणाली 2003 साली घेतली. तेथे नेहमी लागणाऱ्या आदेशांचे संच आधीच तयार करून ठेवले होते. 2006 साली आलेल्या अहवालात तेथील अतिदक्षता विभागातले मृत्यू वाढल्याचे दिसले नाही. प्रणाली तीच, फळ मात्र निराळे. मला यातून एवढेच कळले की, ‘कोणते यंत्र घ्यावे’ हा निम्माच निर्णय आहे. ‘आज हे काम कोण, कोणत्या खुणेवर करते, आणि उद्या कसे करील’ हा उरलेला निम्मा. त्याचे उत्तर समितीच्या टेबलावर मिळत नाही. त्यासाठी वॉर्डात जाऊन उभे राहावे लागते.

संगणक नकोत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. हरवलेल्या केसपेपरपायी पुन्हा पुन्हा तपासण्या करून घेणारे गरीब रुग्ण आईने पुष्कळ पाहिले आहेत. नोंद टिकली तर त्यांचाच पैसा वाचेल. आपल्यापैकी कोणी उद्या अशा समितीत बसले, तर त्याने सही करण्यापूर्वी एक रात्र वॉर्डात काढावी आणि तिथल्या मावशींना दोन प्रश्न विचारावेत, एवढीच विनंती.

सध्या आईच्या वॉर्डातल्या एक सिस्टर तातडीच्या नळीला गुलाबी चिकटपट्टीचा तुकडा लावतात. ती पट्टी त्या स्वतःच्या पैशांनी आणतात. आई पुन्हा जिना धावत चढू लागली आहे.